काळी साडी, काटेरी हलवा आणि घरी जुळवलेला संगणक

व्यक्तिचित्रणाच्या, म्हणजे माणसांची व कुटुंबांची छायाचित्रे ठरवून काढून देण्याच्या व्यवसायाला महाराष्ट्रात पंचांगाचा ताल असतो. चातुर्मासात विवाहमुहूर्त नसल्याने काम मंदावते, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, आणि परंपरेने ज्यात लग्ने टाळली जातात अशा पौषात बहुधा संक्रांत येते, जिच्यापासून रथसप्तमीपर्यंत काळ्या साडीवर हलव्याचे दागिने ल्यालेल्या नववधूंची आणि बोरनहाणातील बाळांची छायाचित्रे काढली जातात. या हंगामासाठी घरी संगणक जुळवू पाहणाऱ्या छायाचित्रकाराने सुट्या भागांची निवड दुकानातील नव्या मालावरून न करता चित्राच्या गरजेवरून करणे श्रेयस्कर ठरते.

संक्रांतीचे चित्र ही त्या गरजेची चांगली कसोटी आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असल्याचे गृहीत धरत असल्यामुळे, चौकटीचा बराच भाग काळ्या साडीने व्यापला की तो प्रकाश अपुरा समजून उद्भासन, म्हणजे संवेदकावर पडू दिला जाणारा प्रकाश, वाढवतो; परिणामी साडी करडी दिसते आणि हलव्याचा काटा पांढऱ्या डागात विरून जातो. यावर उपाय म्हणून उद्भासन मुद्दाम कमी ठेवून काळोखातील तपशील नंतर संगणकावर उजळले जातात, आणि त्यासाठी चित्र ‘रॉ’ स्वरूपात, म्हणजे संवेदकाची नोंद प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवून, घ्यावे लागते. जेपेग चित्रात प्रत्येक रंगवाहिनीच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटांच्या रॉ नोंदीत १६,३८४ असतात.

या सूक्ष्मतेची किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागते. २४ मेगापिक्सेलची अशी एक नोंद संपीडनाविना सुमारे ४२ मेगाबाइटची होते, म्हणजे ४०० चित्रांना जवळजवळ १७ गिगाबाइट जागा लागते. म्हणून चालू काम मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीवर आणि जुने काम स्वस्त व मोठ्या हार्ड डिस्कवर ठेवणे योग्य होय. मात्र सेकंदाला हजारो मेगाबाइट वाचणारी एसएसडी घेऊन कार्ड रीडर जुन्या यूएसबी २.० चा ठेवल्यास चित्रे उतरवण्याचा वेग त्या रीडरच्या मर्यादेतच अडकतो.

फोटोशॉपमध्ये १६ बिटांत उघडलेल्या अशाच चित्राचा एक पूर्ण थर सुमारे १४४ मेगाबाइट जागा घेत असल्याने ३२ गिगाबाइट रॅम ही चैन ठरत नाही. सहा ते आठ गाभ्यांचा प्रोसेसर नित्याच्या कामाला पुरतो. महागडे ग्राफिक्स कार्ड मात्र, २०२३ साली लाइटरूममध्ये आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित कण-निवारणासारख्या, म्हणजे चित्रातील दाणेदारपणा घालवण्यासारख्या, सोयी वारंवार वापरायच्या असतील, तरच घ्यावे. तेथे वाचलेला पैसा मॉनिटरवर खर्च करणे अधिक हिताचे असते, कारण हळदीने पिवळसर झालेली त्वचा किंवा पैठणीचा गर्द जांभळा रंग पडद्यावर चुकीचा दिसला, तर त्यावर केलेली दुरुस्तीही चुकीचीच होते. एचपी व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेली एसआरजीबी ही रंगव्याप्ती पूर्ण दाखवणारा आयपीएस पडदा, आणि त्याचे रंग मोजून दुरुस्तीची नोंद तयार करणारा कलरीमीटर, हे किमान साहित्य समजावे.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तापकीर गल्ली अशा बाजारांतून भाग घेताना प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सॉकेट जुळते का, हे आधी पाहावे लागते. जुळणीपूर्वी धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत उतरवणे, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोणी खूण सॉकेटच्या खुणेशी जुळवणे, आणि रॅमच्या दोन पट्ट्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांत बसवणे, या गोष्टी पाळल्या की उरलेले काम मुख्यतः स्क्रूचे असते. यानंतर बायोसमध्ये एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची मांडणी सुरू करावी लागते, नाहीतर रॅम आपल्या घोषित वेगाहून मंद चालते. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, नामांकित असावा, आणि वीज खंडित झाल्यावर चालू काम जपण्यापुरता तरी यूपीएस जोडावा.

नववधूची पहिली संक्रांत पुन्हा येत नाही, म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम येथे सक्तीचा मानावा. या नियमानुसार चित्रांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर ठेवली जाते. जुळणीला योग्य काळ चातुर्मासाचाच, कारण तेव्हा मागील हंगामाची चित्रे नव्या यंत्रावर संस्कारित करून, काहींच्या छापील प्रती पडद्याशी ताडून पाहता येतात आणि सदोष भाग वॉरंटीत बदलून घ्यायलाही अवधी मिळतो. तुळशीच्या लग्नानंतर बंद पडलेल्या यंत्राची दुरुस्ती ग्राहकाला दिलेल्या मुदतीतूनच करावी लागते.