साधेपणाची किंमत : न्यूयॉर्कच्या उंची इटालियन भोजनगृहांतील पिझ्झा

न्यूयॉर्क शहरात पिझ्झा हा एकच पदार्थ दोन अगदी वेगळ्या रूपांत मिळतो. पदपथालगतच्या दुकानात मोठ्या पिझ्झ्याची त्रिकोणी फोड, म्हणजे ‘स्लाइस’, कागदी बशीत घेऊन उभ्या-उभ्या खाल्ली जाते आणि तिला थोडेच डॉलर पडतात. उंची इटालियन भोजनगृहात मात्र आकाराने लहान, पण अख्खा पिझ्झा चिनीमातीच्या ताटात येतो, सोबत काटा-सुरी येते आणि त्यासाठी बहुधा वीस डॉलरांहून अधिक मोजावे लागतात. नवख्या ग्राहकाला चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की या महागड्या पिझ्झ्यावर स्वस्त पिझ्झ्यापेक्षा कमीच जिन्नस असतात : टोमॅटोचा रस, चीजचे चार-सहा तुकडे, ऑलिव्ह तेलाची धार आणि बेझिलची, म्हणजे ज्याच्या बियांना महाराष्ट्रात सब्जा म्हणतात त्या वनस्पतीची, दोन-तीन पाने. जास्त पैसे देऊन कमी पदरात पाडून घेण्याचा हा व्यवहार उफराटा वाटला, तरी ही किंमत पिझ्झ्यावर काय घातले आहे याची नसून त्याच्या उंड्याला दिलेल्या वेळेची, भट्टीतील विस्तवाची आणि करणाऱ्याच्या हाताची असते, हे एकदा ध्यानात आले, की या पदार्थाची पारख करणे सोपे जाते.

रस्त्यावरून ताटात

‘पिझ्झा’ हा शब्द इ. स. ९९७ मधील, दक्षिण इटलीतील गाएता या नगराच्या एका लॅटिन दस्तऐवजात आढळतो. परंतु आज ज्याला पिझ्झा म्हणतात तो पदार्थ अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत नेपल्स शहरात घडला. अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात युरोपात आलेला टोमॅटो येथील गोरगरिबांनी आपलासा केला आणि भाजलेल्या चपट्या पावावर तो लावून खाण्याची रीत रूढ झाली. फ्रेंच कादंबरीकार आलेक्सांद्र द्युमा याने १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नेपल्सविषयक प्रवासवर्णनात, ‘लाझ्झारोनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेथील कष्टकरी, निर्धन वर्गाचे हिवाळ्यातील अन्न म्हणून पिझ्झ्याची नोंद केली असून, जिन्नसांच्या भावाप्रमाणे त्याची किंमत चढते-उतरते, त्यामुळे त्यावरून बाजाराचा अंदाज येतो, असेही निरीक्षण नोंदवले आहे. ‘पिनोकिओ’चा कर्ता कार्लो कोल्लोदी याने तर १८८६ मध्ये नेपल्सच्या पिझ्झ्याला गलिच्छतेच्याच रांगेत बसवले. १८८९ मध्ये नेपल्सचा पिझ्झा-कारागीर राफाएले एस्पोझितो याने इटलीची राणी मार्गेरिता हिच्यासाठी टोमॅटो, मोझ्झारेल्ला आणि बेझिल असा, इटलीच्या ध्वजासारखा तिरंगी पिझ्झा केला आणि राणीच्या नावावरून त्याला ‘मार्गेरिता’ म्हणू लागले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्या पुराव्यांविषयी इतिहासकारांना शंका असली, तरी गरिबांच्या या अन्नाला प्रतिष्ठेची ओढ केव्हापासून लागली होती, हे त्या कथेतून दिसते.

दक्षिण इटलीतील स्थलांतरितांबरोबर पिझ्झा न्यूयॉर्कला गेला. स्प्रिंग स्ट्रीटवरील जेन्नारो लोंबार्दी यांचे १९०५ सालचे दुकान हे अमेरिकेतील पहिले पिझ्झागृह, असे परंपरेने मानले जाते. नेपल्समध्ये भट्टीत लाकूड जळत असे, तर न्यूयॉर्कच्या पावभट्ट्यांत कोळसा. त्यामुळे येथील पिझ्झा अधिक कुरकुरीत आणि आकाराने मोठा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅसवर चालणारी, फारसे कसब न मागणारी भट्टी आली आणि पिझ्झ्याच्या फोडी विकणारी दुकाने जागोजागी निघाली. फोडीची किंमत आणि भुयारी रेल्वेचे भाडे बरोबरीने वाढत जाते, हा न्यूयॉर्ककरांचा आडाखा १९८० पासून वृत्तपत्रांतून चर्चिला जात आहे. पिझ्झा त्या शहराच्या रोजच्या खर्चात किती मुरला आहे, याची ही खूण होय.

उंची भोजनगृहांतील पिझ्झ्याची वाट मात्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून गेली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ‘शे पानीस’ या नामांकित भोजनगृहाने १९८० मध्ये आपल्या उपाहारगृहात लाकडाची भट्टी बसवली आणि लॉस एंजेलिसमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या ‘स्पागो’मध्ये तेथील बल्लवाचार्य वोल्फगांग पुक यांनी पिझ्झ्यावर धुरावलेला सामन मासा आणि माशाची अंडी मांडली. या पहिल्या टप्प्यात पिझ्झ्याची प्रतिष्ठा वरच्या महागड्या जिन्नसांतून आली. नंतर मात्र वारे उलट फिरले. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये आलेल्या ‘ऊना पिझ्झा नापोलेताना’ने हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच प्रकार ठेवून सारा भर पिठावर दिला, तर २०१४ मध्ये मॅनहॅटनमधील एका हॉटेलात उघडलेल्या ‘मार्ता’ने लाटण्याने लाटलेला, पापडासारखा पातळ रोमन पिझ्झा पुढे आणला.

उंड्यातला वेळ

उंची भोजनगृहाच्या पदार्थसूचीत पिझ्झ्याच्या नावाखाली ‘७२ तास आंबवलेले पीठ’ अशी नोंद पुष्कळदा दिसते. तिचा अर्थ समजण्यासाठी आधी पिठाकडे वळावे लागते. पिशवीवर छापलेले ‘दुहेरी शून्य’ हे चिन्ह सांगते, की पीठ जाळल्यावर मागे उरणारी राख, म्हणजे कोंड्यातून आलेल्या खनिजांचे प्रमाण, अत्यल्प आहे. ते पिठाच्या शुभ्रतेचे माप आहे, ताकदीचे नव्हे. ताकद ठरते ती ग्लुटेनवर, म्हणजे गव्हातील प्रथिने पाण्यात भिजून तयार होणाऱ्या लवचीक जाळीवर. दीर्घकाळ आंबवायच्या पिठाला ही जाळी बळकट लागते, नाहीतर वायूच्या दाबाने ती फाटते आणि उंडा पसरून बसतो.

पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, म्हणजे आंबवणारे किण्व, यांखेरीज नेपल्सच्या उंड्यात दुसरे काही नसते. तेल आणि साखर तेथे वर्ज्य आहेत. काही कारागीर यीस्टऐवजी आदल्या दिवशीच्या आंबलेल्या पिठाचा गोळा वापरतात. विरजणाच्या कवडीने दूध लावावे, तसाच हा प्रकार असतो. उंडे शीतकपाटात ठेवले, की यीस्टचे काम मंदावते, पण पिठातील विकरे स्टार्चची साखर आणि प्रथिनांची अमिनो आम्ले करण्याचे काम सावकाश चालू ठेवतात. हीच साखर आणि हीच अमिनो आम्ले पुढे तीव्र आचेत एकमेकांशी संयोग पावतात आणि भाजलेल्या धान्याचा तो खमंग वास व तपकिरी रंग निर्माण होतो. या क्रियेला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार याच्या नावावरून ‘मायार अभिक्रिया’ म्हणतात. थोडक्यात, तीन दिवसांचा वेळ ही जाहिरातीतील फुशारकी नसून, चव आणणारा एक न दिसणारा घटक आहे, आणि शीतकपाटातील जागा, मजुरी व अंदाज चुकल्यास वाया जाणारे पीठ यांच्या रूपाने त्याचा खर्च भोजनगृहाला सोसावा लागतो.

नव्वद सेकंद

नेपल्समध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या ‘अस्सल नेपोलितन पिझ्झा संघा’ने या पिझ्झ्याचे नियम लिहून काढले आणि २०१० मध्ये युरोपीय संघाने त्याला ‘पारंपरिक वैशिष्ट्याची हमी’ हा दर्जा दिला. पुढे २०१७ मध्ये नेपल्सच्या ‘पिझ्झाइओलो’ची, म्हणजे पिझ्झा करणाऱ्या कारागिराची, कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. नियमांनुसार पिझ्झ्याचा व्यास ३५ सेंटिमीटरच्या आत आणि काठाची उंची एक ते दोन सेंटिमीटर असावी, उंडा लाटण्याने न लाटता हातानेच पसरावा आणि सुमारे ४८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या भट्टीत तो ६० ते ९० सेकंदांत भाजून निघावा.

इतकी आच कशासाठी, याचे उत्तर काठात सापडते. कारागीर मधला भाग बोटांनी दाबत उंड्यातील हवा कडेला सारतो. तीव्र उष्णतेने ती हवा आणि पाण्याची वाफ एकदम प्रसरण पावून काठ फुगतो आणि आतील ओल उडून जाण्याआधीच पिझ्झा बाहेर येतो. २५० अंशांच्या घरगुती ओव्हनमध्ये याला अनेक मिनिटे लागतात, तोवर पीठ सुकून जाते. भट्टीची फरशी विटेची असते तीही विचारपूर्वक : वीट उष्णता सावकाश सोडते, त्यामुळे तळ करपण्याआधी घुमटाची धग वरची बाजू भाजू शकते, तेवढ्याच तापमानाचे पोलाद मात्र खालची बाजू क्षणात जाळून टाकते. काठावर उमटणारे काळे ठिपके दोष नसून बिबट्याच्या कातडीशी साम्य असलेली ती नक्षी, पीठ नीट आंबल्याची आणि भट्टी पुरेशी तापल्याची ग्वाही असते. तव्यावरून विस्तवावर आलेल्या भाकरीचा पापुद्रा टम्म सुटला की नाही, यावरून जाणते माणूस जसे भाकरी करणाऱ्या हाताची परीक्षा करते, तशीच पिझ्झ्याची परीक्षा काठावर होते.

म्हशीच्या दुधाचे गणित

मोझ्झारेल्ला हे नाव, गरम पाण्यात मळून ताणलेल्या दह्याच्या दशेतील चीजचा गोळा चिमटीने तोडण्याच्या क्रियेवरून पडले आहे. पदार्थसूचीत ‘फिओर दी लात्ते’ असे लिहिले असल्यास ते गाईच्या दुधाचे आणि ‘बुफाला’ असल्यास म्हशीच्या दुधाचे समजावे. ‘मोझ्झारेल्ला दी बुफाला काम्पाना’ आणि नेपल्सजवळच्या सार्नो नदीच्या खोऱ्यात पिकणारा लांबट सान मार्झानो टोमॅटो, या दोन्ही उत्पादनांच्या नावांना युरोपात १९९६ पासून उगमस्थानाचे संरक्षण आहे. म्हशीचे दूध गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट स्निग्ध असल्याने हे चीज मऊ आणि रसाळ लागते, पण त्यातील पाणीही अधिक असते, म्हणून चांगला कारागीर ते आधी निथळत ठेवतो आणि हात राखून घालतो. पिझ्झ्यावर चीज कमी दिसण्याचे हे एक साधे कारण आहे.

इटलीत म्हशीच्या दुधाचे एवढे कौतुक होत असताना, पंढरपुरी आणि नागपुरी या म्हशींच्या जाती ज्यांच्या नावांनी ओळखल्या जातात त्या प्रदेशांत हे दूध रोजच्या चहात पडते. भारतातही त्याचे ताजे मोझ्झारेल्ला होऊ लागले असून बंगळूरू येथील बेनेडिक्टाइन संन्याशांचे ‘वालोम्ब्रोसा’ चीज हॉटेलांपर्यंत पोहोचले आहे. शाकाहारी वाचकाने मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पार्मिजानो रेज्जानो या किसून घालायच्या कठीण चीजमध्ये आणि इटलीतील पारंपरिक बुफालामध्ये दूध जमवण्यासाठी वासराच्या जठरातील विकर, म्हणजे ‘रेनेट’, वापरले जाते, तेव्हा परदेशात केवळ मांस नाही म्हणून पिझ्झा शाकाहारी ठरत नाही, तसे विचारून घेणे इष्ट.

काटा, सुरी आणि धूर

नेपल्सच्या भोजनगृहात पिझ्झा न कापता प्रत्येकाला स्वतंत्र दिला जातो आणि मधला भाग मऊ, ओलसर असल्याने तो काटा-सुरीने खाण्याची रीत आहे. न्यूयॉर्कमध्ये मात्र फोड दुमडून हातानेच खाण्याचा आग्रह इतका प्रबळ आहे, की जानेवारी २०१४ मध्ये नवनिर्वाचित महापौर बिल डी ब्लासिओ यांनी काटा वापरताच वृत्तपत्रांनी त्याचा गदारोळ केला. मध्यभागीची ओल हा कच्चेपणा समजून पिझ्झा परत पाठवणारा ग्राहक नेपोलितन आणि न्यूयॉर्की या दोन शैलींचे निकष एकमेकांत मिसळत असतो. म्हणून प्रथम येणाऱ्याने शैली कोणती हे विचारावे, सर्वांत साधा मार्गेरिता मागवावा आणि तो येताच खावा, कारण दहा मिनिटांत काठ चामट होतो.

ज्या विस्तवावर हे सारे अवलंबून आहे, तो विस्तवच आता महानगरांना परवडेनासा झाला आहे. न्यूयॉर्कने मे २०१६ पूर्वी बसवलेल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांतील धूलिकणांचे उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटवण्याचा नियम केला असून तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. मुंबईतही उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असे निर्देश दिले आणि पावाच्या जुन्या भट्ट्यांपुढे तोच प्रश्न उभा राहिला. नेपल्सच्या संघाने काही गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांना मान्यता दिली आहे, यावरून परंपरेचा जीव इंधनापेक्षा आचेत आणि हातात अधिक आहे, असे तिच्या रखवालदारांनीच मान्य केल्यासारखे दिसते.

नेपल्समध्ये एके काळी ‘ओज्जी आ ओत्तो’, म्हणजे आज खा आणि आठ दिवसांनी पैसे दे, अशा उधारीवर पिझ्झा विकला जाई. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९५४ मधील ‘नेपल्सचे सोने’ या चित्रपटात अभिनेत्री सोफिया लॉरेन अशाच उधारीचा पिझ्झा विकताना दिसते. न्यूयॉर्कच्या झगमगीत भोजनगृहात पैसे त्याच संध्याकाळी द्यावे लागतात, पण आता उधारी दुसऱ्या बाजूने चालते : पिझ्झा मागवण्याच्या तीन दिवस आधीच त्याचे पीठ भिजवलेले असते. त्या तीन दिवसांचा हिशेब बिलात लिहिलेला नसतो. तो ताटाच्या कडेला, पुष्कळ जण खायचा राहू देतात त्या काठात असतो.