उजनीतला चिलापी आणि आपले गावठी मासे

भीमा नदीवरच्या उजनी धरणातला मासा म्हटलं की आज चिलापीच डोळ्यांसमोर येतो. पण हा मासा भीमेचा नाही, मूळचा आफ्रिकेचा. भारतात तो १९५२ मध्ये आणला गेला. त्याची खरी ताकद पिल्लं सांभाळण्यात आहे. मादी अंडी तोंडात उबवते, धोका दिसला की पिल्लांनाही तोंडात घेते. आपले बरेचसे नदीतले मासे पावसाळ्याच्या नव्या पाण्यात अंडी सोडून निघून जातात. ती उघडी अंडी आणि बारीक पिल्लं चिलापीला आयती सापडतात.

त्याहून मोठा शिकारी म्हणजे आफ्रिकन मांगूर. लांबी मीटरभर, कधी त्याहूनही जास्त. हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरकतो, आणि मासे, बेडूक, गोगलगायी काहीही खातो. त्यामुळे शेततळ्यातून ओढ्यात पोहोचणं त्याला अवघड नाही. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही साठे नष्ट करायला सांगितलं.

मित्रांनो, नदीत आणखी परके मासे वाढू नयेत म्हणून घरातल्या टाकीतले शोभेचे मासे कृपया भीमेत किंवा सीना नदीत सोडू नका. गळाला मांगूर लागला, तर तो परत पाण्यात टाकू नका.