तपासणी शाळेत, तज्ज्ञ शहरात

वृद्धाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया काही महिने लांबली, तरी बहुधा त्याची दृष्टी परत मिळते. लहान मुलाचे तसे नसते. पहिल्या ७-८ वर्षांत मेंदू पाहायला शिकत असतो. या काळात एका डोळ्याला मोठा नंबर किंवा तिरळेपणा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा नाकारू लागतो. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. चष्मा लावून आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून तो सुधारतो. वय उलटल्यावर मात्र फारसा उपयोग होत नाही. दुसऱ्या डोळ्यावर काम भागत असल्याने मूल तक्रारही करीत नाही.

अशी मुले हुडकण्याची व्यवस्था आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरत्या पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा जायचे असते. पथकातील आयुष डॉक्टरांनी शंका नोंदवायची, निदान नेत्रतज्ज्ञाने करायचे. अडचण येथून पुढे सुरू होते. नेत्रशल्यचिकित्सक जिल्हा रुग्णालयात, आणि त्याचा बराच वेळ मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत जातो. मुलांच्या डोळ्यांचे तज्ज्ञ तर मुख्यतः मोठ्या शहरांतच. शिवाय मुलाचा नंबर नेहमीच एका फेरीत निघत नाही. औषधाने बाहुली मोठी करावी लागते. कधी घरी तीन दिवस मलम घालून पुन्हा यावे लागते. शस्त्रक्रिया असेल तर पूर्ण भूल, म्हणजे भूलतज्ज्ञही हवा. दर फेरीला आईची किंवा वडिलांची मजुरी बुडते. तिसऱ्या फेरीला मूल आले नाही, की पालकांच्या अज्ञानाला दोष दिला जातो. तो न्याय्य नव्हे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा प्रश्न याहून तातडीचा. नवजात शिशु कक्षांमुळे ही बाळे वाचू लागली, पण दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ बिघडून त्यांना कायमचे अंधत्व येऊ शकते. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासावेत, अशी मार्गदर्शक सूचना आहे. तज्ज्ञांच्या तुटवड्यावर कर्नाटकात एक मार्ग निघाला. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयाच्या २००८ मधील उपक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ गावोगावच्या शिशु कक्षांत दृष्टिपटलाची छायाचित्रे घेऊ लागले आणि तज्ज्ञ ती दुरून पाहू लागले. त्यामुळे तपासणीसाठी तज्ज्ञाची वाट पाहणे टळते. उपचार ठरल्यावर मात्र ते दोन-तीन दिवसांतच करावे लागतात, आणि त्यासाठी लेझर यंत्रासह बाळापर्यंत येणारा तज्ज्ञ लागतोच.