मूठभरावरून खंडीची परीक्षा

भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कोणतीहि गृहिणी सगळें पातेलें परातींत ओतून पाहत नाहीं. ती एक शीत बोटांत चेपते आणि झांकण पुन्हा ठेवते. हीच गृहिणी धान्याच्या दुकानीं गेली म्हणजे मात्र गोणीच्या तोंडाशीं असलेल्या दाण्यांवर तिचा विश्वास बसत नाहीं. ती कोपरापर्यंत हात आंत घालते व तळाकडचे गहू पाहिल्यावांचून भाव ठरवीत नाहीं. दोन्ही ठिकाणीं ती नमुनाच पाहत असते. मग हा भेद कां? उकळत्या पाण्यानें पातेल्यांतील शितें वरखालीं होऊन जवळजवळ सारखीं शिजतात, म्हणून कोणतेंहि शीत चालतें. गोणींत मात्र वर कोणते दाणे यावे हें ठरविणारा एक हात असतो, आणि त्या हाताचा त्यांत कांहीं हेतु असूं शकतो. संख्याशास्त्रांत नमुना निवडण्याच्या ज्या शास्त्रशुद्ध पद्धति आहेत, त्यांचा पहिला उद्देश हा हात दूर ठेवावा हाच आहे.

शेतांतील उभें पीक हें गोणीच्या जातीचें आहे. पूर्वी मुंबई इलाख्यांत पिकाचा अंदाज आणेवारीनें होत असे. यंदाचें पीक किती आणे उतरलें, हें महसूल खात्याचे लोक मुख्यतः नजरेनें ठरवीत. १९१७ सालच्या अतिवृष्टीनंतर गुजरातेंतील खेडा जिल्ह्यांत, पीक चार आण्यांच्या आंत आहे, सबब साऱ्याची वसुली तहकूब व्हावी, असें शेतकरी म्हणूं लागले. अधिकाऱ्यांचा अंदाज त्याहून वरचा होता. १९१८ चा सत्याग्रह या भांडणांतून उभा राहिला. जप्त्या झाल्या, गुरें लिलावांत निघालीं. शेतकऱ्यानें पीक कमी सांगावें व सरकारी माणसानें जास्त, यांत नवल नाहीं. पण खरें कोणाचें, हें एकाद्या तिऱ्हाइतास दाखवून देतां येईल असें मापच त्या वेळीं कोणाच्या हातीं नव्हतें.

बरें, पाहणारा अगदीं प्रामाणिक असला तरी अडचण सुटत नाहीं. तो सडकेनें जातो आणि सडकेलगतचीं शेतें पाहतो. माळावरचीं, ओढ्यापलीकडचीं राहून जातात. त्यास ‘मध्यम प्रतीचीं शेतें तेवढीं निवडा’ असें सांगितलें, तर घोटाळा अधिकच. मध्यम पीक कसें असतें याविषयीं त्याच्या मनांत एक चित्र आधींच असतें, आणि त्या चित्राशीं जुळणारींच शेतें त्यास मध्यम वाटतात. अनुभवानें हा दोष कमी होईल अशी आशा करूं नये; अनुभवी माणसाचें चित्र उलट अधिक पक्कें झालेलें असतें.

नमुना भला मोठा घेतला कीं असे दोष आपोआप झांकले जातात, अशी समजूत फार दिवस होती. ती अमेरिकेंत १९३६ सालीं मोडली. तेथील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं १ कोटीहून अधिक लोकांस मतपत्रिका धाडल्या. त्यांपैकीं २३ लाखांवर परत आल्या, व त्यांवरून लँडन हे सुमारें ५७ टक्के मतांनीं विजयी होणार असें जाहीर झालें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांस सुमारें ६१ टक्के मतें पडलीं आणि ४८ पैकीं ४६ संस्थानें त्यांनीं जिंकलीं. पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या व मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळांत अशा याद्यांत गरिबांचीं नांवें थोडीं. शिवाय उत्तर देण्याची तसदी ज्यांनीं घेतली, ते न देणाऱ्यांसारखेच होते असें मानण्यास आधार नव्हता. गोणीच्या तोंडाशीं एक मूठ घ्या किंवा शंभर घ्या, दाणे तोंडाचेच! त्याच निवडणुकींत गॅलप यांनीं कितीतरी लहान नमुन्यावरून विजयी कोण होणार हें बरोबर सांगितलें होतें. तथापि त्यांची रीतहि निर्दोष नव्हती. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके गरीब असे हिस्से ठरवून त्या हिश्शांतील माणसें निवडण्याचें काम विचारणाऱ्यावर सोपविलेलें असे. १९४८ सालीं ट्रूमन यांच्याविषयींचें भाकीत चुकलें, त्याचें एक कारण हेंच सांगतात.

उपाय दिसावयास पोरखेळ वाटतो. निवड माणसानें करूंच नये, चिठ्ठ्या टाकाव्या. गांवांतील प्रत्येक शेतास क्रमांक द्यावा आणि जे क्रमांक निघतील तींच शेतें घ्यावीं. यासच यादृच्छिक निवड म्हणतात. ‘मनास येईल तें घ्या’ असा तिचा अर्थ मुळींच नव्हे, कारण मनास येणें हीच तर खोड आहे. मनानें अंक सांगूं लागलें असतां माणूस तोच अंक लागोपाठ दोनदां सांगावयास कचरतो. म्हणून टिपेट या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२७ सालीं ४१,६०० अंकांचें कोष्टकच छापलें. या रीतीचा मोठा लाभ असा कीं, चूक किती संभवते याचा हिशेब आधीं करतां येतो. नमुना चौपट केला तर ती चूक निम्मी होते. आणि मूळ समूह तालुका आहे कीं अख्खा प्रांत, यावर ती जवळजवळ अवलंबून नसते. ही दुसरी गोष्ट पुष्कळांस पटत नाहीं. परंतु नीट ढवळलेलें वरण वाटीभर असो वा हंडाभर, मीठ पाहण्यास चमचा एकच लागतो.

निव्वळ चिठ्ठ्यांनीं एकाद्या वेळीं सगळीं शेतें बागायतीच निघावयाचीं. तें टाळण्यासाठीं बागायत व जिराईत असे थर करून प्रत्येक थरांतून निराळा नमुना घेतात. जिल्ह्यांतील प्रत्येक शेतास क्रमांक देणें शक्य नसतें. मग तालुक्यांतून गांवें, गांवांतून शेतें आणि शेतांतून एक तुकडा, असे टप्पे करतात. दर दहावें शेत घ्यावें ही रीत सोपी आहे, पण शेतांची मांडणीच दहाच्या ठेक्यांत असेल तर ती फसते.

हिंदुस्थानांत १९३७ पासून प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं बंगालमधील तागाच्या पाहणीस ही विद्या लाविली. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४० नंतर दिल्लीच्या कृषिसंशोधन परिषदेंत राहून गहूं व भात यांच्या कापणी-प्रयोगांची घडी बसविली. दोघांचा वाद पडला तो तुकडा किती मोठा असावा यावर. महालनोबिस आपल्या शिकविलेल्या माणसांकडून लहान तुकडे कापवीत. सुखात्मे यांनीं लहान तुकड्यानें उत्पन्न फुगतें असें प्रयोगांनीं दाखविलें. दोरीच्या रेषेवर आलेलें ताट आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे हात त्यास आंतच ओढतो. एक मीटर बाजूच्या चौकोनांत दर चौरस मीटरास ४ मीटर कड येते, दहा मीटर बाजूच्या चौकोनांत अवघी ४० सेंटिमीटर. बाहेर काढलेला हात असा काठाकाठानें पुन्हा आंत शिरत होता.

आतां पुष्कळ पिकांसाठीं १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा घेतात. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, कोष्टकांतून निघालेल्या अंकांइतकीं पावलें लांबीकडे व रुंदीकडे चालावयाचें, तेथें खुंटी ठोकावयाची, दोरी ताणावयाची, आंतलें पीक कापून, मळून, वजन करावयाचें. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंत मुख्य पिकासाठीं ग्रामपंचायतीमागें किमान ४ प्रयोग सांगितले होते. म्हणजे २०० चौरस मीटर, पुरते दोन गुंठेहि नव्हेत. आणि त्यांच्या वजनावर गांवांतील प्रत्येक विमेदाराची भरपाई ठरावयाची. खुंटी चोपणांत पडली तर भोंवतीं उभे असलेले लोक गप्प राहतात. ती भरघोस ताटांत पडली कीं ‘साहेब, चार पावलें तिकडे सरका’ अशी विनवणी सुरू होते. आणि त्या माणसानें तेथून एक पाऊलहि हलावयाचें नसतें.