मलिदा, बिरडं आणि दूरचा देश

अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूच्या जुन्या माणसांना 'शनवार तेली' हे नाव सांगून पाहा. ते लगेच ओळखतील. हे लोक पिढ्यान् पिढ्या घाण्यावर तेल गाळीत आले; पण शनिवारी घाणा बंद, बैल मोकळे. बोली मराठी, आडनावं गावावरून पडलेली, किहीमकर, पेणकर अशी. धर्म मात्र यहुदी. स्वतःला ते 'बेने इस्राएल' म्हणवतात.

1948 साली इस्राएल हे राष्ट्र स्थापन झालं, तेव्हा आपल्या देशात त्यांची वस्ती वीस हजारांच्या आसपास होती. पुढल्या दोन-तीन दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. धर्माच्या नात्यानं पाहिलं तर ती आपल्या घरी निघाली होती. आणि तरीही तिथे पोचल्यावर जीव ज्यासाठी तुटला तो कोकणातल्या ताटासाठी! ही मोठी विचार करण्याजोगी गोष्ट आहे, म्हणून आज तिच्याविषयी चार शब्द.

आधी हे ताट कसलं होतं ते पाहू. या लोकांच्या सणांची जुनी नावंच ऐका. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात ती नोंदलेली आहेत. यहुदी वर्षारंभाचा दिवस, तो 'नव्याचा सण'. त्याच महिन्यात 'खिरीचा सण'. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुःखाचा जो उपास, त्याला म्हणायचं 'बिरड्याचा रोजा', कारण त्या दिवसांत वालाचं बिरडं करायचं. रोजा हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आलेला, आणि वाल आपल्या परसातले. दिवस लक्षात ठेवायला त्यांनी पंचांगापेक्षा चुलीवर जास्त भरवसा ठेवलेला दिसतो!

त्यांच्या धर्माचा एक कडक नियम आहे. मांस आणि दूधदुभतं एकत्र खायचं नाही. दुसऱ्या देशांतल्या यहुद्यांना यामुळे सामिष जेवणावर दुधाचं गोड खाता येत नाही. कोकणच्या बाईनं ही अडचण सहज सोडवली. तिच्या दारात माड होता. नारळाचा रस काढला की आमटी दाट होते, खीरही होते, आणि नियमही मोडत नाही, कारण नारळाचं दूध हे दूध नव्हेच. मासळीचंही तसंच. ज्या माशाला खवले आणि पर आहेत तो चालतो; म्हणून कोळंबी, खेकडे, तिसऱ्या वर्ज्य. शेजारच्या घरातून कोळंबीच्या कालवणाचा वास आला तरी मन आवरायचं.

नवस फिटला, लग्न ठरलं, कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, की मलिदा होतो. पोहे भिजवायचे, त्यात साखर किंवा गूळ, ओलं खोबरं, वेलदोडा, सुका मेवा घालायचा, भोवती फळं मांडायची आणि एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया प्रेषित, यांच्या नावानं प्रार्थना म्हणायची. हे प्रेषित कोकणात येऊन गेले अशी या लोकांची श्रद्धा आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावरच्या खुणा 'एलियाहू हन्नबीचा टापा' म्हणून दाखवतात. इतर यहुद्यांना पोह्यांचा मलिदा ठाऊक नव्हता.

आता तिकडे काय झालं ते पाहा. 1949 पासून 1959 पर्यंत इस्राएलमध्ये रेशन होतं. निरनिराळ्या देशांतून माणसं लोटत होती आणि धान्य अपुरं. तांदूळ तर दुर्मीळच. त्या देशात पाऊस पडतो तो हिवाळ्यात; उन्हाळा कोरडा ठणठणीत. गहू, जैतून, संत्री, खजूर यांना ते हवामान मानवतं. भाताला आणि माडाला नाही. भातखाऊ लोकांची समजूत घालायला पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांच्या सांगण्यावरून 1953 च्या सुमारास एका कारखान्यानं गव्हाच्या पिठाचे तांदळाच्या आकाराचे दाणे काढून, भाजून विकायला आणले. लोकांनी त्याला थट्टेनं 'बेन-गुरियनचा तांदूळ' असं नाव दिलं. पोट भरलं असेल. पण गव्हाचा भात तो गव्हाचाच.

सगळं दुखणं जेवणाचं होतं असं मात्र समजू नका. काम हलकं मिळे, राहायला वाळवंटाकडेची गावं मिळत, रंगावरून वागणूक वेगळी मिळे. 1951-52 साली काही कुटुंबांनी 'आम्हाला परत जाऊ द्या' म्हणून धरणं धरलं, आणि काही परत आलीही. मानाचं दुःख बोलून दाखवणं कठीण असतं. भाताचं बोलता येतं. म्हातारी माणसं 'इथे आमसूल नाही' असं म्हणतात, तेव्हा ती कधी कधी बरंच काही म्हणत असतात.

पण जिभेला इतकी आठवण कशी राहते? शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग करून पाहावा. मुलांना नाक घट्ट दाबून वेलदोड्याची पूड घातलेली साखर खायला सांगा. नुसती गोडी कळेल. मग नाक सोडायला सांगा. वेलदोडा एकदम 'आला' म्हणून मुलं ओरडतील. खारट, आंबट, गोड, कडू अशा मोजक्याच चवी जीभ सांगते. बाकी बहुतेक स्वाद म्हणजे घशाच्या मागून नाकात चढलेला वास. आणि मेंदूतल्या आठवणीच्या व भावनेच्या जागांशी वासाचं नातं फार जवळचं आहे. शिवाय आई जे खाते त्याचा स्वाद तिच्या दुधात उतरतो, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे बाळ बोलायच्या आधीच त्याची आवड घडू लागलेली असते. कोथिंबीर-खोबऱ्यावर वाढलेली जीभ पन्नाशीत बदलत नाही, यात तिचा हट्ट नाही.

मग बायकांनी युक्त्या काढल्या. येमेन देशातून आलेल्या शेजारणींकडे कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लसूण वाटून केलेली झणझणीत चटणी निघाली, नि मेथीचं तोंडीलावणंही. तिथे सूर जमला. अवघड गेला तो नव्या वर्षाचा हलवा. तुम्ही कुरडयांसाठी गहू भिजत घालून, वाटून, चीक काढता ना, तोच चीक. तो नारळाच्या रसात साखर घालून घोटायचा, घोटायचा, हात भरून येईपर्यंत घोटायचा, मग ताटात थापून वड्या पाडायच्या. ओला नारळ मिळेना तेव्हा सुक्या खोबऱ्यावर, पुढे डब्यातल्या रसावर भागवलं. चिकाऐवजी चायना ग्रास आला. वड्या पडतात, पण खरपूस वास तो नाही, अशी तक्रार जुन्या माणसांची.

आज रामला, लोद, अशदोद, दिमोना या गावांत आपल्याकडच्या सामानाची दुकानं आहेत. पोहे, डाळी, मसाले मिळतात. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं. तिथे जन्मलेली पोरं हिब्रू बोलतात, मराठी अर्धीमुर्धी समजतात, पण मेंदी-लग्नाला मलिद्याचं ताट लागतंच. त्यात आता तिथलेच ताजे खजूर आणि संत्री असतात. आमसुलाचं झाड मात्र त्या कोरड्या हवेत वाढत नाही. वाळवलेलं आमसूल वर्षभर टिकतं, म्हणून अलिबागकडचं मूळ गाव बघायला आलेली मंडळी परत जाताना कपड्यांच्या घडीत त्याची पुडी बांधून नेतात.