परदेशातील ऊन आणि आपले आरोग्य

एप्रिल महिना होता. दुपारचे बारा वाजले होते. दादरच्या शिवाजी पार्कवर आमच्या शाळेची मुले क्रिकेट खेळत होती. १९२५ साली खुल्या झालेल्या या मैदानाच्या कडेने मोठे वृक्ष आहेत. पण मधोमध सावली कोठून असणार? क्षेत्ररक्षण करणारा एक मुलगा एकाएकी खाली बसला. त्याचे डोके दुखत होते, पोटऱ्यांत गोळे येत होते. आम्ही त्याला कट्ट्याजवळच्या झाडाखाली निजवले. बूट काढले, अंगावर पाणी शिंपडले, वहीने वारा घातला आणि मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले.

थोड्या वेळाने तो उठून बसला आणि म्हणाला, “सर, माझी दादी हजला जाणार आहे. तिकडे तर याहून कडक ऊन असते. तिचे कसे होईल?”

मुलांनो, त्याची काळजी खरी होती. जून २०२४ मध्ये हजच्या काळात मक्केत तापमान ५१ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले होते. त्या वर्षी १,३०१ यात्रेकरूंचा मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांपैकी बहुतेक जण परवान्याशिवाय आलेले होते. त्यांना तंबूचा निवारा नव्हता; ते भर उन्हात लांबवर पायी चालले होते. असे संकट आपल्याकडेही येते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात एका समारंभाला आलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले.

असे का होते? आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. बाहेर उष्णता वाढली की घाम येतो. घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. मुंबईची हवा दमट आहे. येथे घाम लवकर वाळत नाही, म्हणून जीव घाबरा होतो. मक्केची हवा बहुधा कोरडी असते. तेथे घाम येताक्षणी वाळतो. अंग कोरडे राहते, त्यामुळे माणसाला वाटते, ‘मला घाम येतच नाही.’ शरीरातील पाणी मात्र नकळत कमी होत असते. म्हणून तेथे तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी झाली, तर पाणी कमी पडत आहे असे समजावे.

सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत शक्यतो सावलीत राहावे. एहराममध्ये पुरुषांना डोके झाकता येत नाही. पण छत्री वापरता येते. फिकट रंगाची छत्री उत्तम. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्यास तळपाय भाजतात. म्हणून काढलेल्या चपला पिशवीत घालून जवळच ठेवाव्यात.

प्रवासाची तयारी घरीच सुरू होते. हजला जाण्यापूर्वी मेंदूज्वराची लस घ्यावी लागते. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नेहमीची औषधे चिठ्ठीसह हातातील पिशवीत ठेवावीत. आपल्या स्वयंपाकघरातील खसखस मात्र सोबत नेऊ नये. सौदी अरेबियात तिला बंदी आहे. मुक्कामाचा पत्ता आणि सोबत्याचा फोन क्रमांक लिहिलेला कागद नेहमी जवळ बाळगावा. गर्दीत चुकलेल्या वृद्ध माणसाला तोच आधार असतो.

मीठ-साखरेचे पाणी करणे सोपे आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा.

उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले, त्याचे अंग तापले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा, मान व काखेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात त्यासाठी १०८ हा क्रमांक आहे.

त्या मुलाने हे सारे वहीत उर्दूत लिहून घेतले. “दादीला मराठी वाचता येत नाही,” तो म्हणाला, “पण मी तिला रोज एक गोष्ट वाचून दाखवीन.”

मुलांनो, तुमच्या घरातूनही कोणी दूरच्या प्रवासाला निघाले असेल. त्यांची बॅग भरताना त्यांच्याजवळ बसा आणि एवढे त्यांना जरूर सांगा.