आपलाच आवाज, आपलाच आरसा

स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून तुम्ही कधी ऐकला आहे का? ऐकला असेल, तर "छे! हा माझा आवाज नव्हेच!" असे तुम्ही नक्की म्हणाला असाल. शेजारचा मित्र मात्र सांगतो, "तुझाच आहे की!"

मित्राचेच म्हणणे खरे. बोलताना आपला आवाज आपल्या कानांपर्यंत दोन वाटांनी पोहोचतो. एक वाट हवेची आणि दुसरी कवटीच्या हाडांची. हाडांतून कमी कंपनसंख्येचे, म्हणजे खर्जाचे ध्वनी अधिक चांगले येतात. त्यामुळे आपला आवाज आपल्याला भरदार वाटतो. ध्वनिमुद्रणात फक्त हवेतून आलेला आवाज असतो. जग आपल्याला तसेच ऐकते.

इंग्रजीच्या अभ्यासाशी याचा काय संबंध? बोलताना आपले सारे लक्ष पुढच्या शब्दाकडे असते, त्यामुळे उच्चारातील चूक निसटून जाते. शिवाय साधे गणित करा. तास 35 मिनिटांचा आणि वर्गात मुले 60. गुरुजींनी एक शब्दही न बोलता सारा वेळ मुलांना दिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला 35 सेकंदच येतात! त्यात हसे होईल या भीतीने काही जण उभेच राहत नाहीत. ध्वनिमुद्रणापुढे मात्र दहा वेळा चुकले तरी कोणी हसत नाही.

ही कल्पना नवी नाही. एडिसनने 1877 साली फोनोग्राफ तयार केला. त्याच्या उपयोगांची यादी त्याने 1878 मध्ये एका लेखात दिली. तीत वक्तृत्वाचे शिक्षण होते, तसेच विद्यार्थ्याला हवे तेव्हा पुन्हा ऐकता यावे म्हणून शिक्षकांचे स्पष्टीकरण जपून ठेवणेही होते. पुढे 1963 मध्ये फिलिप्स कंपनीची कॅसेट आली. आज हेच काम घरातला मोबाइल करतो.

काय ऐकायचे?

हाताचा पंजा तोंडासमोर धरून 'ताट' आणि 'थाट' म्हणा. 'थ' म्हणताना हवेचा झोत जाणवतो. इंग्रज माणूस 'पिन' म्हणताना आरंभीच्या 'प'बरोबर असाच झोत सोडतो. 'स्पिन' म्हणताना सोडत नाही. आपण बिनझोताचा 'पिन' म्हटला, तर त्याला तो 'बिन'सारखा ऐकू येऊ शकतो.

दुसरी गोष्ट आघाताची. 'रेकॉर्ड' हाच शब्द घ्या. तो नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मराठीत आघाताने असा अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडे लक्ष देत नाही.

करून पाहा

शिक्षकांनी पाठ्यपुस्तकातील पाच-सहा वाक्ये स्वतःच्या आवाजात मुद्रित करावीत आणि प्रत्येक वाक्यानंतर तेवढाच वेळ मोकळा सोडावा. विद्यार्थ्याने वाक्य ऐकावे, मोकळ्या जागेत म्हणावे आणि हे सारे दुसऱ्या मोबाइलवर मुद्रित करावे. आता दोन्ही आवाज पाठोपाठ ऐकू येतील. एका वेळी एकच गोष्ट तपासा: आज झोत, उद्या आघात. मोबाइल ओठांपासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरा. अगदी समोर धरला, तर हवेचा झोत पडद्यावर आदळून 'फट्' असा आवाज येतो.

गुरुजींचे इंग्रजी साहेबासारखे नसले तरी बिघडत नाही. समोरच्याला आपले बोलणे कळावे, एवढाच हेतू आहे. हवे तर शिक्षकांनीही आपले ध्वनिमुद्रण शब्दकोशातील उच्चारांशी ताडून पाहावे.

पहिले ध्वनिमुद्रण मात्र पुसू नका. त्यावर तारीख घाला आणि महिनाभराने तीच वाक्ये पुन्हा म्हणून दोन्ही ऐका. कोणता उच्चार सुधारला आणि कोणता तसाच राहिला, याची नोंद वहीत करा. पुढच्या महिन्याचा अभ्यास त्या नोंदीतूनच ठरेल.